लेबर रेट की विथ मटेरियल? सहाशे फुटांच्या घराचा ठेका देण्याआधी

दिवाळीनंतर मावसभावाचा फोन आला. तालुक्याच्या गावात त्याची दोन गुंठे जागा आहे, त्यावर छोटं घर बांधायचं आहे. "दादा, दोन मिस्त्री येऊन जागा बघून गेले. एक तीनशे रुपये फूट म्हणतो, दुसरा साडेसतराशे. कुणाला देऊ?"

या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलनाच होत नाही. तीनशे ही नुसती मजुरी, म्हणजे लेबर रेट. माल सगळा मालकानं आणायचा. साडेसतराशे म्हणजे विथ मटेरियल: सिमेंट, सळई, फरशी, नळ, रंग सगळं त्याचं, आपण किल्ली घ्यायची. तिसरी पद्धत हजेरीची, रोजच्या रोज गवंडी-बिगारी लावून काम करून घ्यायची. आई-अण्णांचं गावाकडचं घर आम्ही लेबर रेटनं बांधलं आणि थोरल्या बहिणीचं विथ मटेरियल झालं. दोन्हीकडे मी टेप हातात घेऊन उभा होतो. भावाला फोनवर तासभर जे सांगितलं, ते इथं नीट मांडतो.

हिशेब समजावा म्हणून २० बाय ३० फुटांचं, म्हणजे बाहेरून ६०० चौरस फुटांचं, तळमजल्याचं आरसीसी घर धरू. दर गोल धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे आजचे टाका. अशा घराला सिमेंट साधारण २५० पोती लागतं, सळई सव्वादोन टनांच्या आसपास, वाळू किंवा क्रश सँड ११ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी ८ ब्रास आणि विटा नऊ-दहा हजार. सिमेंट ३७० रुपये पोतं, सळई ६० रुपये किलो, क्रश सँड साडेपाच हजार ब्रास, खडी साडेतीन हजार ब्रास आणि वीट ९ रुपये धरली, तर हा माल चार लाखांच्या आसपास जातो. त्यात ३०० रुपये फुटानं १ लाख ८० हजार मजुरी. म्हणजे प्लास्टरपर्यंतचं घर पावणेसहा लाखांच्या पुढे. मग फरशी, दारं-खिडक्या, नळकाम, वायरिंग, रंग आणि त्या प्रत्येकाची वेगळी मजुरी. हात आखडता घेतला तरी साडेतीन-चार लाख. बेरीज साडेनऊ लाखांच्या अलीकडे-पलीकडे येते.

तेच घर साडेसतराशेनं १० लाख ५० हजारांना पडतं. कागदावरचा फरक लाखभराचा. ठेकेदार वर्षभर धावपळ करणार, माल आणणार, भाव वाढला तर सोसणार, त्याबद्दल लाख रुपये मला जास्त वाटत नाहीत. पण ते लाख तेवढ्यावरच थांबतात का, हे खरं बघायचं.

ते थांबतात की नाही, हे मापावर ठरतं. "फूट" म्हणजे कुठला फूट? आतून मोजला तर हे घर साडेपाचशे फुटांचंही भरत नाही. बाहेरून मोजलं की ६००. आणि स्लॅब चारी बाजूंनी एकेक फूट बाहेर काढला तर तो २२ बाय ३२, म्हणजे ७०४ फूट होतो. ठेकेदार स्लॅबचं माप धरतो, आपण मनात जोत्याचं धरलेलं असतं. वरच्या १०४ फुटांचे लेबर रेटनं ३१ हजार होतात. विथ मटेरियलनं १ लाख ८२ हजार. वाद तोच, पण रक्कम जवळपास सहापट. बहिणीच्या घरी हेच झालं. बोलणी ओसरीवर चहा पिता पिता झाली होती, माप कुठून धरायचं ते कुणी बोललंच नव्हतं. शेवटच्या बिलात स्लॅबचं माप आलं, शिवाय पोर्च पूर्ण, जिना वेगळा, पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, रनिंग फुटावर, म्हणजे लांबीच्या हिशेबानं. ठेकेदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे सगळ्यांचीच मोजणी तशी होत होती. आम्ही विचारलं नाही, एवढंच. म्हणून विथ मटेरियल देणार असाल तर दरावर घासाघीस करण्याआधी मापाची व्याख्या लिहून घ्या. छज्जा, पोर्च, जिना, पॅरापेट, सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी यांतलं प्रत्येक दरात आहे की वेगळं, हे एकेका ओळीत लिहा. पायाचंही तसंच. "पाया पाच फुटांपर्यंत" असं लिहिलेलं असतं, आणि खाली काळी कापसाची जमीन लागली की पुढचा प्रत्येक फूट जादा. कोकणात जांभा लवकर लागतो म्हणून तिथं हा प्रश्न कमी येतो. मराठवाड्यात, विदर्भात मात्र बोलणी करण्याआधी एक खड्डा घेऊन बघाच.

दुसरी गोष्ट, कुणाचा फायदा कशात आहे. लेबर रेटवाल्याला फुटावर पैसे मिळतात, म्हणून त्याला काम लवकर उरकायचं असतं. माल आपला, तो किती गेला याचं त्याला सुखदुःख नाही. भिंत ओळंब्यात नसली तर प्लास्टर जाड करून झाकतो, सिमेंट आपलं जातं. विथ मटेरियलवाला उलटा. त्याची भिंत बहुतेक वेळा सरळ असते, कारण जाड प्लास्टर त्याच्या खिशातून जातं. पण तोच माणूस सळईत, सिमेंटमध्ये आणि नळाच्या ब्रँडमध्ये वाचवायला बघतो. हजेरीवरच्या माणसाला दिवस भरायचे असतात. यात कुणी वाईट नाही, पैसे ज्या मापानं देतो तसं काम होतं. आपल्याला फक्त एवढंच ठरवायचं असतं, की यांतल्या कुठल्या ओढीवर आपण रोज नजर ठेवू शकतो.

लेबर रेटमध्ये नजर मालावर ठेवावी लागते. सळई काट्यावर वजन करून घ्या आणि नगही मोजा. १२ मिलीमीटरची १२ मीटर लांब सळई मानकाप्रमाणे १०.६५ किलो भरते, म्हणजे टनाला साधारण ९४ नग. नग बरेच जास्त भरले तर सळई हलकी आहे. वाळू-खडीच्या ट्रॉलीला टेप लावा. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. १० बाय ६ ची ट्रॉली दीड फूट भरली असेल तर ती ९० घनफूट झाली, ब्रास नाही. ओली वाळू फुगते, त्यामुळे मापात दिसते त्यापेक्षा कमीच असते. अण्णा सत्तरीत होते, पण रोज सकाळी वहीत ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची लिहायचे. तिसऱ्या खेपेपासून ड्रायव्हर स्वतःच शिगोशीग भरून आणायला लागला.

विथ मटेरियलमध्ये नजर स्लॅबच्या दिवशी ठेवावी लागते. त्या दिवशी नारळ फुटतो, माणसांना जेवण असतं, पाहुणे येतात, आणि मालक पाहुण्यांत अडकतो. तसं करू नका. ७०४ फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण ८.३ घनमीटर काँक्रीट. एम-२० चं, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडीचं मिश्रण असेल तर घनमीटरला आठेक पोती लागतात. नुसत्या स्लॅबला ६६ पोती झाली, बीम वेगळे. संध्याकाळी रिकामी पोती मोजा. पन्नासच निघाली तर बाकीचं सिमेंट गेलं कुठं, हा प्रश्न त्याच दिवशी विचारता येतो, नंतर नाही. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार या मिश्रणात एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. मिक्सरवर उभा असलेला बिगारी काँक्रीट सहज ओतावं म्हणून बादलीभर जास्त घालतो, आणि स्लॅबची ताकद तिथंच जाते. हे दोन्ही पद्धतींत होतं. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर आणि सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉकसुद्धा आदल्या रात्रीच बघून घ्या.

पाणी मारण्याचा प्रश्न मात्र वेगवेगळा सुटतो. लेबर रेटमध्ये पाणी आपणच मारतो, म्हणून ते चांगलं होतं. आईनं स्लॅबवरचे पाण्याचे वाफे चौदा दिवस एकदाही कोरडे पडू दिले नाहीत. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ आणि मिश्र सिमेंटला, म्हणजे दुकानात सर्रास मिळणाऱ्या पीपीसीला, किमान १० दिवस सांगतं आणि १४ पर्यंत वाढवावं असं सुचवतं. विथ मटेरियलमध्ये हे काम ठेकेदाराचं, म्हणजे त्याच्या वॉचमनचं, म्हणजे बऱ्याचदा कुणाचंच नाही. सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटला खालून आधार देणाऱ्या साच्याच्या, प्लेटांचंही असंच. त्या पुढच्या साइटवर हव्या असतात, म्हणून लवकर काढायची घाई असते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे किमान १४ दिवस हलवायचे नाहीत, हे करारात लिहा. आम्ही बीमखालचे तीन आठवडे ठेवले होते. मिस्त्री कुरकुरला, पण ठेवले.

हजेरीबद्दल थोडक्यात. गवंड्याला हजार आणि दोन बिगाऱ्यांना साडेसहाशे-साडेसहाशे धरले तर जोडीचे दिवसाला २,३०० होतात. लेबर रेटच्या १ लाख ८० हजारांत अशा ७८ हजेऱ्या येतात, आणि सेंट्रिंग अजून वेगळं राहतं. आरसीसीचं पूर्ण घर एवढ्या दिवसांत एका जोडीनं होत नाही. घरची माणसं स्वतः हात लावणार असतील, गवंडी नात्यातला असेल, तर हजेरी परवडते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांचं तत्त्व हेच आहे. सपाट भागात १ लाख २० हजार, ते हप्त्यानं थेट खात्यावर, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, घर किमान २५ चौरस मीटर, आणि ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्यानं मात्र सबंध घर हजेरीवर काढू नये. दुरुस्ती, कंपाउंड, ओटा यांसाठी ती ठीक.

कराचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. स्वतःच्या एकट्या घरासाठी निव्वळ मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीवर जीएसटी नाही, तशी सूट आहे. विथ मटेरियल देताना ठेकेदार नोंदणीकृत असेल आणि पक्कं बिल देणार असेल तर पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात. साडेदहा लाखांवर ते १ लाख ८९ हजार होतात. म्हणून "साडेसतराशे" हा दर जीएसटी धरून की सोडून, ते पहिल्याच बैठकीत विचारा. लेबर रेटमध्येही सिमेंट-सळईवर कर दुकानात भरतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचं जुनं कोटेशन कुणी दाखवत असेल तर नवीन मागा.

पैसे कसे द्यायचे, यावर मी सगळ्यात ठाम आहे. लेबर रेटवाला दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, उचल मागतो. ती द्यावी लागते, त्याच्या माणसांची चूल त्यावर चालते. पण झालेल्या कामापेक्षा उचल पुढे गेली की काम थांबतं. आमच्या एका शेजाऱ्याचं घर लिंटलला, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या तुळईपर्यंत, आलं तेव्हा मजुरीचे ऐंशी टक्के देऊन झाले होते. मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेला आणि भिंतींनी एक अख्खा पावसाळा उघड्यावर काढला. वहीत दोन रकाने ठेवा, झालेलं काम आणि दिलेली रक्कम. दर आठवड्याला मिस्त्रीची सही घ्या. विथ मटेरियलमध्ये टप्पे पाडा: जोतं, लिंटल, स्लॅब, प्लास्टर, फरशी, रंग. प्रत्येक टप्पा झाल्यावर पैसे, आधी नाही. घरकर्ज असेल तर बँकही टप्प्यानंच सोडते, तेव्हा ठेकेदाराचे आणि बँकेचे टप्पे जुळवून घ्या. नाहीतर स्लॅबचे पैसे तो मागतो त्या दिवशी बँकेचा इंजिनिअर अजून यायचा असतो. हे सगळं मुद्रांकावर लिहा. "दादा, एवढं कशाला लिहायचं, आपलीच माणसं आहोत," असं ऐकायला मिळेल. आपलीच माणसं आहेत म्हणूनच लिहायचं, नंतर तोंड फिरवायची वेळ येऊ नये.

भावाला मी शेवटी काय सांगितलं? तो पुण्यात, बायको शाळेत शिक्षिका, पण सासरे निवृत्त आणि त्यांचं घर जागेपासून चालत पाच मिनिटांवर. रोज साइटवर उभा राहणारा भरवशाचा माणूस त्याच्याकडे आहे. म्हणून प्लास्टरपर्यंत लेबर रेटनं द्यायचं, सिमेंट-सळई स्वतः आणायची. फरशी, नळ, वायरिंगची कामं ज्याची त्याला वेगळी. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळईचा नकाशा काढून घ्यायचा आणि स्लॅबआधी त्याला एकदा साइटवर आणायचं. त्याची फी एकूण खर्चात छोटी असते, तिथं कंजूषपणा नको. साइटवर रोज जाणारं कुणीच नसतं तर मी विथ मटेरियलच सांगितलं असतं, मालाच्या ब्रँडची यादी आणि मापाची व्याख्या लिहून घेऊन. माल चोरीला जाण्यापेक्षा आणि मिस्त्रीला दिवसातून दहा फोन करण्यापेक्षा ते लाख रुपये बरे.

आणि दोन्ही पद्धतींत पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत हातात ठेवायची. आमच्या घरी जुलैत पॅरापेटच्या सांध्यातून पाणी झिरपलं. मजुरीचे नऊ हजार द्यायचे राहिले होते. मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला, सांधा खोदून पुन्हा भरला, त्यावर सिमेंटची गोलाई काढली आणि ऑगस्टची झड ओसरल्यावर पैसे घेऊन गेला.