स्वस्त रोटरी टूल घेताना: बॅटरीवरचे की वायरीचे?

घरातल्या किरकोळ दुरुस्त्या, लाकडावरचे छोटे कोरीवकाम, मॉडेल बनवण्याचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा छंद, यांपैकी काहीही नियमित करणाऱ्याला कधी ना कधी रोटरी टूलची, म्हणजे टोकाला लावलेले छोटे, बदलता येणारे बिट (कापण्याचे, घासण्याचे किंवा भोक पाडण्याचे टोक) खूप वेगाने फिरवणाऱ्या हातातल्या हत्याराची, गरज भासतेच. कानस शिरत नाही अशी खाच, अँगल ग्राइंडर लावला तर शेजारचा भागही जाईल अशी जागा, पॉलिश पेपर धरायला बोट पुरत नाही असा कोपरा, ही सगळी या हत्याराची कामे. दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च करायचा ठरवले की बाजारात दोन प्रकार समोर येतात. एक, जाड पेनसारखे दिसणारे, आत ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असलेले आणि मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारे. दुसरे, थेट २३० व्होल्टच्या प्लगवर चालणारे, १३० ते १७० वॅटचे आणि वेग कमी-जास्त करण्याचे चाक असलेले. दोन्हींच्या पेटीत साधारण सारखेच बिट असतात आणि दोन्हींच्या जाहिरातीत काच, धातू, लाकूड, दगड अशा सगळ्यांवर चालत असल्याचे लिहिलेले असते, म्हणून घेणारा गोंधळतो. प्रत्यक्षात ही दोन हत्यारे वेगवेगळ्या कामांची आहेत, आणि त्यांच्यातला फरक समजून घ्यायचा तर खोक्यावरचा वेगाचा आकडा बाजूला ठेवून आधी ऊर्जेचा हिशेब मांडावा लागतो.

ऊर्जेचा हिशेब

खोक्यावर ठळक छापलेला ‘मिनिटाला १५,००० फेरे’ किंवा ‘२०,००० फेरे’ हा बिनभाराचा वेग असतो, म्हणजे बिट हवेत फिरत असतानाचा. बिट धातूला टेकल्यावर त्यातला किती वेग शिल्लक राहतो हे मोटरच्या ताकदीवर ठरते, आणि बॅटरीवरच्या यंत्रात ती ताकद बॅटरीत साठवलेली ऊर्जा किती वेळ पुरवायची आहे याने बांधलेली असते. बॅटरी ३.७ व्होल्टची आणि २,००० मिलिअँपिअर-तासांची असेल तर तिच्यात एकूण ७.४ वॅट-तास ऊर्जा मावते. १३० वॅटचे वायरीचे यंत्र पूर्ण भाराने चालले तर एवढी ऊर्जा ते साडेतीन मिनिटांच्या आत संपवते. बॅटरीवरच्या यंत्राला अर्धा तास तरी चालायचे असेल, तर त्याच्या मोटरने सरासरी १५ वॅटच्या आसपासच ओढले पाहिजेत, आणि स्वस्त यंत्रांची मोटर तशीच लहान निवडलेली असते. ही बनवणाऱ्याची लबाडी नव्हे. एवढ्या आकाराच्या बॅटरीतून त्याहून जास्त मागणे व्यवहार्यच नसते.

या यंत्रांतल्या कायम चुंबकाच्या डीसी मोटरचा एक स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. तिच्यावर भार वाढत गेला की वेग त्याच प्रमाणात उतरत जातो आणि करंट वाढत जातो. आपण जोर लावला की बिट मंदावते, मंदावले म्हणून आपण आणखी दाबतो, आणि शेवटी मोटर जागच्या जागी अडकते. अडकलेल्या अवस्थेत तिच्यात जाणारी सगळी ऊर्जा उष्णतेत जाते, आणि मोटर व बॅटरी दोन्ही तापतात. बॅटरीवरचे स्वस्त यंत्र लवकर मरण्याचे हे मोठे कारण आहे. वायरीच्या यंत्रातली युनिव्हर्सल मोटरही (घरच्या मिक्सरमध्ये असते त्या प्रकारची) भाराखाली मंदावते, पण तिच्यापाशी शिल्लक ताकद कितीतरी अधिक असल्यामुळे हलक्या कामात तो फरक हाताला फारसा जाणवत नाही.

कापण्याच्या बाबतीत वेगाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. कटिंग डिस्क धातू कापते ती तिच्या कडेच्या वेगावर. २४ मिलिमीटर व्यासाची छोटी डिस्क मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरली तर तिची कड सेकंदाला सुमारे ३८ मीटर वेगाने धावते. तीच डिस्क १५,००० फेऱ्यांवर सेकंदाला १९ मीटरवर येते, आणि धातूला टेकल्यावर वेग आणखी उतरला की ती कापण्याऐवजी नुसती घासू लागते. घरातल्या ड्रिल मशिनलाच डिस्क लावून काम भागेल का, असा प्रश्न अनेकजण विचारतात, त्याचे उत्तरही याच हिशेबात आहे: ३,००० फेऱ्यांवर त्या डिस्कची कड सेकंदाला चार मीटरही गाठत नाही.

गंजून डोके झिजलेल्या स्क्रूवर नवी खाच पाडण्याचे काम पाहिले की हा फरक डोळ्यांसमोर येतो. वायरीच्या यंत्रात फायबरची जाळी असलेली डिस्क लावून, वेग २५,००० च्या आसपास ठेवून ती स्क्रूच्या डोक्यावर हलकेच टेकवली, तर ठिणग्यांची एकसारखी बारीक रेघ निघते आणि थोड्याच वेळात पेचकस बसेल एवढी खाच तयार होते. बॅटरीवरच्या यंत्रात तीच डिस्क टेकवताच आवाज खाली येतो, ठिणग्या तुटक होतात, हात उचलून मोटरला पुन्हा वेग घेऊ द्यावा लागतो आणि मग परत टेकवावे लागते. काम होते, पण टप्प्याटप्प्याने. एका स्क्रूसाठी हे चालून जाईल. लोखंडी जाळीचे पंधरा गज कापायचे असतील, तर बॅटरीवरचे यंत्र त्या कामाला लावणे म्हणजे यंत्राचा आणि आपला दोघांचाही छळ आहे.

बॅटरीवरचे यंत्र जिथे खरोखर सरस आहे

एवढे वाचून बॅटरीवरच्या यंत्राला मोडीत काढणे अन्यायाचे होईल. ज्या कामांना ताकदीपेक्षा ताबा हवा असतो, तिथे ते वायरीच्या यंत्रापेक्षा चांगले ठरते, आणि घरच्या कामांत अशी कामे आपण समजतो त्याहून जास्त असतात.

पावसाळ्यात लाकडी दार फुगले की कडी चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात बसेनाशी होते. पट्टी काढून दुसरीकडे ठोकायची तर जुन्या स्क्रूची भोके आड येतात, आणि गरज असते ती भोकाची एक कड जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकवण्याची. उभ्याने, एका हाताने दार धरून, चौकटीच्या अरुंद जागेत हे काम करताना भिंतीवरच्या प्लगपासून ओढत आणलेली वायर सतत मनगटाला मागे खेचते. बॅटरीवरचे अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे यंत्र पेनसारखे धरून, त्यात दंडगोल ग्राइंडिंग स्टोन लावून पितळी पट्टीची कड थोडी थोडी झिजवता येते. वायरीची यंत्रे बहुधा अर्धा किलो किंवा त्याहून जड असतात. हे वजन टेबलावर जाणवत नाही, पण हात खांद्याच्या वर नेला की लगेच जाणवते.

कमी वेग हाही पुष्कळदा दोष नसून सोय असते. ॲक्रिलिक आणि इतर प्लॅस्टिक जास्त वेगात वितळते, बिटाभोवती चिकटते आणि कड ओबडधोबड होते. तारेच्या ब्रशना बनवणारे बहुधा १५,००० फेऱ्यांची मर्यादा घालून देतात, कारण त्याहून वेगात ब्रशच्या तारा सुटून उडतात. पॉलिशच्या फेल्ट पॅडलाही हीच मर्यादा योग्य. म्हणजे पितळी समईच्या नक्षीत साचलेला काळेपणा काढणे, चांदीच्या वस्तूच्या खोबणीत पॉलिश फिरवणे, थ्रीडी प्रिंटवरचे उंचवटे घालवणे, लाकडी अक्षरांच्या कडा मऊ करणे, या कामांत बॅटरीवरच्या यंत्राची कमाल मर्यादा आणि कामाची गरज जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. वायरीच्या अनेक स्वस्त यंत्रांचा किमान वेगच आठ-दहा हजारांच्या घरात असतो, त्यामुळे अगदी नाजूक प्लॅस्टिकवर ती जरा जास्तच तेज पडतात.

काच किंवा टाइल यांना भोक पाडण्याच्या बाबतीत सुरक्षिततेचाही मुद्दा येतो. डायमंड बिट तापून निकामी होऊ नये आणि काच तडकू नये म्हणून तिथे पाण्याची धार किंवा भोकाभोवती पाण्याचे छोटे आळे ठेवावे लागते. हातात २३० व्होल्टचे यंत्र धरून पाण्यालगत काम करण्यापेक्षा बॅटरीवरचे यंत्र निःसंशय बरे. पाणी यंत्राच्या आत जाऊ द्यायचे नाही, ही काळजी अर्थात तिथेही घ्यावी लागते.

कोलेट: किमतीपेक्षा महत्त्वाचा भाग

दोन्ही प्रकारांत स्वस्त यंत्राची खरी परीक्षा कोलेटपाशी होते, आणि खरेदी करताना नेमके तिकडेच कोणी पाहत नाही. कोलेट म्हणजे बिटाची दांडी पकडणारी चिरलेली नळी. ती मध्यावर नसेल तर बिट स्वतःभोवती फिरण्याऐवजी लहानसे वर्तुळ काढत फिरते, टोक थरथरते, भोक मोठे पडते आणि हाताला झिणझिण्या येतात. पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवर, ०.८ किंवा १ मिलिमीटरचे भोक पाडणाऱ्यांना याचा फटका सर्वांत आधी बसतो, कारण कार्बाइडचे बारीक ड्रिल कडक पण ठिसूळ असते आणि थोड्याशा डगमगण्यानेही तुटते.

तपासणी सोपी आहे. यंत्र हातात आल्याबरोबर बारीक, सरळ दांडीचे ड्रिल पूर्ण आत घालून नट आवळावा आणि सर्वांत कमी वेगावर ते पांढऱ्या कागदासमोर फिरवावे. टोक एका बारीक रेघेसारखे दिसले तर कोलेट ठीक आहे, आणि तिथे धूसर पंखा उमटला तर बिट एकदा काढून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावून पाहावे. तरीही पंखा दिसत असेल, तर परत करण्याची मुदत उलटण्याआधी यंत्र परत करावे. शंभर-दीडशे बिटांचा संच सोबत असला तरी कोलेट वाकडा असलेले यंत्र ठेवून घेण्यात अर्थ नाही.

कोलेटची मापेही पाहून घ्यावीत. या हत्यारांच्या बहुतेक बिटांची दांडी ३.२ मिलिमीटरची असते, काही संचांत ती ३ मिलिमीटरची असते, तर सोनारकामाचे आणि दंतवैद्यकातले अनेक बिट २.३५ मिलिमीटरचे असतात. बॅटरीवरच्या काही स्वस्त यंत्रांबरोबर फक्त एकच कोलेट येतो आणि त्याचा नट प्रचलित मापाच्या आट्यांचा नसल्यामुळे वेगळा कोलेट बसत नाही. असे यंत्र पुढे त्याच्याच पेटीतल्या बिटांपुरते उरते.

टिकाऊपणा

वायरीच्या यंत्रात सर्वांत आधी झिजतात ते कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे. बाजूच्या दोन प्लॅस्टिकच्या टोप्या पेचकसाने उघडल्या की ते बाहेर येतात, नवे स्वस्तात मिळतात, आणि साधारण ४०-५० तासांच्या वापरानंतर ते काढून पाहण्याची सवय ठेवली तर यंत्र वर्षानुवर्षे चालते. बॅटरीवरच्या स्वस्त यंत्रात बॅटरी आत सोल्डर केलेली असते आणि मोटरचे ब्रश बदलण्याची सोय सहसा नसते. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी वयाने कमजोर होते. ती पूर्ण उतरवून महिनोन्महिने कपाटात टाकली, किंवा उन्हात तापणाऱ्या गॅलरीत, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, तर आणखी लवकर जाते. वर्षातून चार-पाच वेळाच वापर होणार असेल तर हा मुद्दा जड ठरतो: ऐन गरजेच्या वेळी बॅटरीवरचे यंत्र उतरलेले सापडते, आणि वायरीचे यंत्र लगेच चालू होते. चार्जिंगवर लावून वापरता येईल असे गृहीत धरू नये, कारण अनेक यंत्रे चार्ज होत असताना चालतच नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. त्या मानकाचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसत नसेल, तर ते यंत्र घेऊ नये.

सुरक्षिततेचे नियम दोन्हींना सारखेच लागू आहेत. बॅटरीवरचे यंत्र लहान दिसते म्हणून चष्मा न लावता डिस्क चालवणे धोक्याचे आहे, कारण तुटलेल्या डिस्कचा तुकडा डोळ्यात जायला मोठी मोटर लागत नाही. पेटीत येणाऱ्या जाळीविरहित, तांबूस, पातळ डिस्क किंचित तिरक्या झाल्या तरी मोडतात. त्या बाजूला ठेवून जाळीच्या डिस्क वेगळ्या घ्याव्यात. सैल हातमोजे, ओढणी आणि मोकळे केस यांना फिरत्या बिटापासून दूर ठेवावे. जुना रंग किंवा फायबरग्लास घासताना मास्क लावावा.

कोणी काय घ्यावे

कामाची जागा ठरलेली असेल, शेजारी प्लग असेल, आणि कामांच्या यादीत लोखंड कापणे, वेल्डची गाठ घासणे, कठीण लाकडात खोल कोरणे यांपैकी एखादे जरी नियमित असेल, तर वायरीचेच घ्यावे. याच किमतीत बॅटरीवरचे कोणतेही यंत्र त्या कामांत बरोबरी करणार नाही. वायरीच्या यंत्राला फ्लेक्सिबल शाफ्ट जोडता येतो, ही आणखी एक जमेची बाजू. मोटर खुंटीला टांगायची आणि हातात फक्त बारीक मूठ ठेवायची, ही सोनारांची जुनी पद्धत. शाफ्ट जोडला की वजनाची आणि पकडीची तक्रारही बरीच मिटते, फक्त शाफ्टला तीव्र वाक येऊ द्यायचा नाही आणि त्याला वंगण वेळेवर द्यायचे.

हातातले काम बहुतांशी पॉलिश, कोरणे, कडा साफ करणे, बारीक भोके पाडणे अशा प्रकारचे असेल, ते एका वेळी पाच-दहा मिनिटांत आटपत असेल, किंवा शिडीवर, गच्चीवर, गाडीपाशी, प्लग नसलेल्या जागी करावे लागत असेल, तर बॅटरीवरचे यंत्र निःशंकपणे घ्यावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आवाजाचा मुद्दाही त्याच बाजूने जातो, कारण युनिव्हर्सल मोटरची किंकाळी भिंतीपलीकडे सहज ऐकू जाते.

दोन्ही प्रकारची कामे असतील आणि थोडा जास्त खर्च झेपत असेल, तर काढता येणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे यंत्र हा मधला मार्ग आहे. त्यातल्या तीन सेलचा खरा सरासरी दाब १०.८ व्होल्ट असतो, म्हणजे दोन अँपिअर-तासांच्या बॅटरीत २१.६ वॅट-तास, ३.७ व्होल्टच्या यंत्राच्या जवळजवळ तिप्पट. त्याच बॅटरीवर चालणारे ड्रिल किंवा स्क्रूड्रायव्हर घरात आधीपासून असेल, तर नुसते यंत्र घेऊन भागते. तशी बॅटरी नसेल आणि बॅटरी-चार्जरसह सगळेच नव्याने घ्यावे लागणार असेल, तर त्या पैशांत आधी वायरीचे यंत्र आणि ३.२ मिलिमीटर दांडीचे निवडक चांगले बिट घ्यावेत, आणि बॅटरीवरचे छोटे यंत्र पुढे सवडीने, तेच बिट त्याच्या कोलेटमध्ये बसतील याची खात्री करून घ्यावे.