एडिनबराच्या दंतकथा: गाइडबरोबर की आपलं आपण?

स्कॉटलंडमधल्या एडिनबराला शिकायला गेलेल्या भाचीचा प्रश्न: तिथल्या लोककथा कळायला रात्रीची 'भुतांची फेरी' (गाइड भुताखेतांच्या गोष्टी सांगत शहर फिरवतो ती) घ्यावी, की स्वतःच भटकावं?

पैशांत चर्चेला वावच नाही. फेरीला तिकीट पडतं. ग्रेफ्रायर्सचं कब्रस्तान, आर्थर्स सीटची टेकडी आणि नॅशनल म्युझियम फुकट.

वेळेत मात्र फेरी पुढे. एका संध्याकाळीत काम होतं. एकटीनं जायचं तर आधी थोडं वाचावं लागेल, नाहीतर नुसती थडगी बघून परत.

खरी गंमत गोष्टीच्या खोलीत आहे. गाइड रंगवून सांगतो, अंगावर काटा येतो, पण थांबून न्याहाळायला सवड नसते. १८३६ मध्ये आर्थर्स सीटवर काही मुलांना १७ चिमुकल्या शवपेट्या सापडल्या. आत कपडे घातलेल्या लाकडी बाहुल्या! त्यातल्या ८ म्युझियममध्ये आहेत. कुणी, कशासाठी पुरल्या, याचा छडा आजवर लागलेला नाही. काचेला नाक लावून त्या बाहुल्यांचे चेहरे बघत राहावं, मग टेकडी चढावी. हे घाईच्या फेरीत जमत नाही. (ग्रेफ्रायर्सजवळ बॉबी कुत्र्याचा पुतळा आहे; मेलेल्या मालकाच्या थडग्यापाशी तो वर्षानुवर्षं बसून राहिला, अशी त्याची दंतकथा. नशीब उजळावं म्हणून त्या पुतळ्याचं नाक मात्र घासू नये. ती 'प्रथा' अलीकडची आहे आणि पुतळा झिजतो.)

सोबत हवी असेल, नवे मित्र जोडायचे असतील किंवा हाताशी एकच वीकेंड असेल, तर फेरी घ्यावी. अख्खं वर्ष राहणाऱ्यानं स्वतः फिरावं, आणि जुन्या शहरातल्या रॉयल माइल या मुख्य रस्त्यावरच्या स्कॉटिश स्टोरीटेलिंग सेंटरमध्ये कथाकथन ऐकावं.