वॉलट्यूब आणि काडेपेट्या : तिसरी-चौथीच्या वर्गातले आठ महिने

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी तालुक्याच्या गावातून दहा मीटर वॉलट्यूब आणि काडेपेट्यांचे दोन पुडे घेऊन आले. आता फेब्रुवारी संपत आलाय. माझा तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे, पटावर २७ मुलं. दर शनिवारी शेवटचे दोन तास आम्ही याच सामानातून आकार आणि पूल जोडण्यात घालवले. बरेच शिक्षक आणि पालक विचारतात की हे खरंच चालतं का, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वॉलट्यूब म्हणजे सायकलच्या जुन्या व्हॉल्ववर चढवतात ती बारीक रबरी नळी. तिचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करायचे, काडीचा गुल खरवडून टाकायचा आणि तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या. झाला दोनाचा जोड. तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी घातली की तिनाचा जोड. एका तुकड्याच्या भोकातून दुसरा तुकडा ओढून घेतला की चाराचा. असे सहापर्यंत जोड करता येतात. ही कल्पना अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरला शिकलेले हे इंजिनीअर पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरीला होते. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांना हे सुचलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं अशीच खेळणी केली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी व्हिडिओही आहेत. मी तेच बघून शिकले.

त्याआधी माझ्याकडे प्लास्टिकचा एक तयार संच होता, अठराशे रुपयांचा. त्यात चित्रं दिली होती, चित्राबरहुकूम जोडायचं. मुलांनी दोन दिवसांत सगळं जोडून टाकलं, चार तुकडे हरवले आणि संच कपाटात गेला. त्या संचात चौकोन केला की तो चौकोनच राहायचा, कारण सांधे घट्ट होते. मुलांना त्यात विचारण्यासारखं काही उरायचं नाही. रबराचा सांधा हलतो, आणि माझ्या मते या सामानाची सगळी ताकद त्या हलण्यातच आहे.

पहिल्याच शनिवारी ते कळलं. मुलांनी त्रिकोण केला, चौकोन केला, पंचकोन केला. चौकोनाला एका कोपऱ्यात बोट लावलं की तो कलंडतो. पंचकोन दाबला की होडीसारखा आत जातो. त्रिकोण मात्र कसाही दाबा, हलत नाही. ‘याला काय केलं की हा पण हलणार नाही?’ असं मी चौकोन दाखवून विचारलं. मधे तिरकी काडी घालायची, हे चार-पाच जणांनी लगेच सांगितलं. पण काडी पुरेना. काडी साधारण सव्वाचार सेंटीमीटरची, आणि समोरासमोरचे कोपरे जोडायला सहा तरी हवी. कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असेल, पण ते हाताला लागलं त्या दिवशी.

काही मुलांनी खराट्याच्या काड्या मोजून कापल्या आणि काम भागवलं. चौथीतल्या एका मुलीनं काडी कापली नाही. तिनं काडी तशीच घातली आणि ती बसेपर्यंत चौकोनच वाकवला. चौकोन कलला आणि त्याचे दोन सारखे त्रिकोण झाले. ‘बाई, आता काडी कापायलाच नको,’ म्हणाली. मग तिनं शेजारी तिसरा त्रिकोण लावला, चौथा लावला, आणि एक लांब पट्टी तयार झाली. अशा रचनेला वॉरेन ट्रस म्हणतात, तिचं पेटंट १८४८ साली घेतलं गेलं आणि रेल्वेच्या कितीतरी पुलांत ती दिसते, हे तिला मी पुढच्या आठवड्यात सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो शोध तिचा राहिला नसता.

सप्टेंबरमध्ये एका पालकांनी ती पट्टी खिडकीत पाहिली. ते वेल्डिंगचं काम करतात. म्हणाले, ‘बाई, ही तर आमची कैची.’ मग त्यांनीच मुलांना शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली नेलं आणि छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीतला एकेक तिरका अँगल दाखवला. त्या दिवसापासून मुलं जिथे तिथे त्रिकोण मोजतात, शेतातल्या विजेच्या मनोऱ्यात, बैलगाडीच्या साटीखाली, पाण्याच्या टाकीच्या जिन्यात.

गणिताच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटला तो एक तक्ता. आकार हलू नये म्हणून कमीत कमी किती काड्या आत घालाव्या लागतात? त्रिकोणाला शून्य, चौकोनाला एक, पंचकोनाला दोन, षटकोनाला तीन. आतल्या काड्या खराट्याच्याच घ्याव्या लागल्या, प्रत्येक मोजून. एवढं झाल्यावर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, ‘दहा कोनांच्याला सात लागतील.’ तो वर्गात सहसा बोलत नाही आणि पाढ्यांत मागे आहे. आम्ही दशकोन करून पाहिला. सातच लागल्या. ‘बाजू वजा तीन’ हे वाक्य त्यानं स्वतः फळ्यावर लिहिलं.

नळी कापणं हाही धडाच झाला. एक मीटर नळीतून दीड सेंटीमीटरचे किती तुकडे? हिशोबानं ६६, वर एक सेंटीमीटर उरतो. प्रत्यक्षात निघाले ६१. मग पाच तुकडे गेले कुठे यावर वर्गात वाद झाला, सगळे तुकडे पुन्हा मोजले, आणि बरेचसे तुकडे दोन-दोन मिलिमीटर मोठे कापले गेलेत हे सापडलं.

दिवाळीनंतर पूल केला. दोन बाकांत २० सेंटीमीटर अंतर, कापलेली पाण्याची बाटली पुलाच्या मधोमध दोऱ्यानं टांगायची आणि ५० मिलीच्या मापानं पाणी ओतत जायचं. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. नुसत्या चौकोनांचा पूल रिकाम्या बाटलीनंच लोळला. त्रिकोणांच्या दोन पट्ट्या समोरासमोर उभ्या करून आडव्या-तिरक्या काड्यांनी बांधल्या, तेव्हा ३५० ग्रॅम पेललं. पूल मोडला तेव्हा एकही काडी तुटली नव्हती. खालच्या रांगेतली मधली काडी जोडातून निसटली होती. वरची का नाही निसटली? मुलांनी पुन्हा पूल बांधला आणि या वेळी बाटलीकडे न बघता जोडांकडे बघत बसली. वरच्या काड्या रबरात आत घुसत होत्या, खालच्या बाहेर येत होत्या. वर दाब, खाली ताण. मग फक्त खालच्या जोडांना दोरा गुंडाळला आणि पूल ६०० ग्रॅमपर्यंत गेला. इंजिनीअरिंग म्हणतात ते याहून वेगळं काय असतं मला माहीत नाही, पण नऊ वर्षांच्या मुलांनी मोडलं कुठे ते पाहून नेमकं तेवढंच सुधारलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता अडचणी. वॉलट्यूब मिळवणं अवघड होत चाललंय. नव्या सायकलींच्या ट्यूबना वेगळा व्हॉल्व असतो, त्यामुळे बऱ्याच दुकानांत ती ठेवतच नाहीत. मला चौथ्या दुकानात मिळाली. घेताना ओढून बघा. पातळ आणि चिकट रबर भोक पाडताच फाटतं. मी नंतर घेतलेली पाच मीटर नळी निम्मी वाया गेली. उन्हात राहिलेले जोड तीन महिन्यांत कडक होऊन चिरतात. आता तुकडे टाल्कम पावडर लावून पत्र्याच्या डब्यात ठेवते, ते टिकलेत.

गुल खरवडण्याचं काम मुलांच्या हाती देऊ नका. मी ते घरी करते आणि गुल पाण्यात टाकते. एका पुड्याला पाऊण तास जातो, आणि हा वेळ कोणी धरत नाही. बिनगुलाच्या काड्या मिळाल्या तर त्याच घ्या. मेणाच्या काड्या अजिबात चालत नाहीत. भोकं पाडायला बाभळीचा काटा सुईपेक्षा बरा, कारण त्यानं भोक थोडं मोठं पडतं आणि काडी सहज जाते, पण बोटाला लागतो. आमच्याकडे तुकडा जुन्या चपलेच्या तळव्यावर ठेवून भोक पाडायचा नियम आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना मी दोनाच्या जोडापुढे नेणार नाही, त्यांच्या बोटांत तेवढा जोर नसतो. आणि ३५ मिनिटांच्या एका तासात काहीही होत नाही. हाताला सवय होते तोवर घंटा वाजते. सलग दोन तास मिळत नसतील तर सुरू करू नका.

खर्च नळी, काड्या आणि दोरा धरून आठ महिन्यांत सहाशेच्या आत आला. काडेपेटी डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली, तरी पुडा वीस रुपयांतच येतो. हरवलेल्या काडीसाठी कोणी रडत नाही आणि मोडलेल्या पुलासाठी मी कोणाला रागावत नाही, हे या स्वस्ताईनं दिलं.

सध्या वर्गात विंशतिफलक, म्हणजे वीस पृष्ठांचा आकार, चाललाय. ३० काड्या, पाचाचे १२ जोड, सगळे पृष्ठभाग त्रिकोण. आठ जोड झालेत, त्यातला एक काल फाटला. मुलांचं म्हणणं आहे की हा गोल चेंडूसारखा हातात दाबला तरी बसणार नाही, कारण त्यात चौकोन एकही नाही. शनिवारी बघू.