पोटरीतला गोळा आणि डबीतला गोळा : मिठाच्या कॅप्सूल, आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता ठाण्यातील येऊर डोंगराच्या फाटकापाशी कमरपट्ट्यातील डबी उघडली, तेव्हा आतल्या बारा कॅप्सूलचा मिळून एकच चिकट गोळा झालेला होता. नखाने एक कॅप्सूल सुटी करायला गेलो, तर तिचे आवरण फाटले आणि आतली पांढरी पूड बोटांना लागली. धावताना पोटरीत गोळा येऊ नये म्हणून ज्या वस्तूच्या तीन बाटल्या मी प्रत्येकी १,१४० रुपयांना घेतल्या, तिचाच गोळा व्हावा, हे पाहून सोबतचे काका इतके हसले की त्या दिवशीचा पहिला किलोमीटर आम्ही चालतच काढला. हा अनुभव लिहिण्याचे तात्कालिक निमित्त तेवढेच आहे. पण लिहायला बसल्यावर जुना हिशेबही तपासावा लागला.

मुळात कॅप्सूलकडे वळलो, त्याचे कारण दुकानातील गोड पेयांचे खोके. त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘ओआरएस’ (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचे द्रावण) लिहिलेले असे, आणि मी ते औषध समजून पीत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव लावण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तेव्हा आपण इतके दिवस साखरेचे पाणी पीत होतो, हे लक्षात आले. त्यानंतरच्या महिन्यात कॅप्सूलची पहिली बाटली मागवली. लेबलनुसार एका कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम सोडियम, थोडे पोटॅशियम आणि नावापुरते मॅग्नेशियम असते, आणि दर अर्ध्या तासाला एक घ्यावी, अशी सूचना आहे.

पहिल्या दोन महिन्यांत मी या वस्तूचा प्रचारकच झालो होतो. डिसेंबरमध्ये उपवन ते घोडबंदर रस्ता आणि परत, असे लांब पल्ले एकदाही पाय न आखडता झाले, आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यातील पेडर रोडचा चढही, ज्याने त्याआधी दोन वर्षे माझी उजवी पोटरी धरली होती, मी धावत पार केला. घरी येऊन मी विक्रेत्याच्या पानावर पाच तारे दिले आणि गटातील चौघांना खरेदी करायला लावली. त्या चौघांची येथे क्षमा मागतो, कारण जानेवारीतील पहाटेचा गारवा, त्या वर्षी पहिल्यांदाच जपून केलेली सुरुवात आणि कॅप्सूल यांपैकी श्रेय कोणाचे, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आलाच नव्हता.

तो आला एप्रिलमध्ये. पहिली लोकल पकडून मी ठाण्याहून वाशीला गेलो आणि पाम बीच रस्त्यावर २८ किलोमीटरचा बेत आखला. या रस्त्यावर सावली नाही आणि खाडीवरून येणारी हवा घाम वाळू देत नाही, त्यामुळे कॅप्सूलची खरी परीक्षा येथेच होईल, अशी माझी समजूत होती. दर अर्ध्या तासाला घड्याळ पाहून एक, अशा चार कॅप्सूल घेतल्या आणि तरीही २४व्या किलोमीटरला, नेरुळच्या तलावाजवळ, उजव्या पोटरीत असा गोळा आला की दुभाजकाच्या कठड्याला धरून उभे राहावे लागले. तेथून नेरुळ स्थानकापर्यंत लंगडत गेलो आणि ठाणे लोकलमध्ये, जागा असूनही, ऐरोलीपर्यंत उभाच राहिलो, कारण गुडघा वाकवला की पोटरी पुन्हा आवळत होती.

पहिला विचार आला तो मात्रा कमी पडल्याचा, आणि तो मी वजनकाट्यावर तपासला. पुढच्या रविवारी दीड तासाच्या धावण्याआधी वजन ७१.४ किलो भरले, नंतर ६९.६ किलो, मधे अर्धा लिटर पाणी प्यालो होतो, म्हणजे घाम सुमारे २.३ लिटर गेला. घामातील सोडियम माणसागणिक पुष्कळ बदलते, पण लिटरला एक ग्रॅमच्या आसपास धरले, तर दोन ग्रॅमांहून अधिक सोडियम गेले आणि तीन कॅप्सूलमधून परत आले ते ०.६ ग्रॅम. सगळे भरून काढायचे तर तासाला सात-आठ कॅप्सूल गिळाव्या लागतील, आणि तसे भरून काढण्याची गरज आहे, असेही कोणी सांगत नाही. हा हिशेब करताना दुसराही हिशेब आपोआप झाला. दोनशे मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम मीठ. आमच्या वाण्याकडे मिठाची किलोची पिशवी २८ रुपयांना मिळते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचे दीड पैसाही होत नाहीत. कॅप्सूल मला १९ रुपयांना पडत होती.

त्यानंतर मी थोडे वाचन केले, आणि माझे मत येथे बदलले. मीठ आणि पेटके यांचे नाते जुन्या खाणींतून आले आहे. १९२३ मध्ये के. नेव्हिल मॉस यांनी उष्ण कोळसा खाणींत राबणाऱ्या ब्रिटिश मजुरांविषयी लिहिले. भरपूर घाम गाळून केवळ साधे पाणी पिणाऱ्या या माणसांना पेटके येत आणि पाण्यात मीठ घातले की आराम पडे. मात्र धावणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा चित्र वेगळे दिसले. दक्षिण आफ्रिकेतील मार्टिन श्वेल्नस आणि सहकाऱ्यांनी केप टाउनच्या ५६ किलोमीटरच्या ‘टू ओशन्स’ शर्यतीतील धावपटू तपासले. पेटके आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातील क्षारांत वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा फरक त्यांना आढळला नाही. थकलेल्या स्नायूला आवळण्याचा आणि सैल होण्याचा इशारा देणाऱ्या मज्जातंतूंचा तोल बिघडतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ताणल्यावर गोळा लगेच सुटतो, ही आपल्या रोजच्या अनुभवातील गोष्ट त्याच्याशी जुळते. मीठ कमी पडल्यामुळे आलेला गोळा नुसते पाऊल वर ओढून का सुटावा? शिवाय क्षार साऱ्या अंगातून जातात, मग नेहमी माझी उजवीच पोटरी का? खाणीतील मजूर आठ-आठ तास घाम गाळत, तेव्हा त्यांचे उदाहरण खोटे ठरत नाही. माझ्या तीन तासांना ते लागू होत नाही, एवढेच.

काकडीच्या लोणच्याच्या पाण्याचा प्रयोग तर अधिकच मजेशीर आहे. २०१० मध्ये केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी विजेच्या साहाय्याने पायाच्या स्नायूत पेटका आणला आणि ते खारट-आंबट पाणी पाजले. साध्या पाण्याच्या तुलनेत पेटका सुमारे ४९ सेकंद लवकर सुटला. इतक्या वेळात मीठ रक्तात पोहोचत नाही, तेव्हा घशातील तीव्र चवीमुळे मज्जातंतूंवर काही परिणाम होत असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मग चव न लागू देता गिळायच्या कॅप्सूलचा उपयोग काय, हा प्रश्न मला छळतो. ते पाणी व्हिनेगरचे असते, आईच्या लिंबाच्या लोणच्याचा खार नव्हे, त्यामुळे घरच्या बरणीवर मी अजून हात टाकलेला नाही.

मे महिन्यात मी कॅप्सूल पूर्ण बंद ठेवल्या, पहिले दहा किलोमीटर दर किलोमीटरला वीस सेकंद हळू धावलो आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम एक दिवसाआड सुरू केला. महिनाभरात एकही गोळा आला नाही. हा काटेकोर प्रयोग नव्हे, कारण तीन गोष्टी मी एकदम बदलल्या, पण कॅप्सूलच्या बाजूने साक्ष देणारा जानेवारी त्याने पार निकालात काढला. मीठ मात्र सोडलेले नाही. दोन तासांहून लांब पल्ल्याला लिटरभर पाण्यात अर्धे लिंबू, दोन चमचे साखर आणि पाव चमचा मीठ घालतो. त्यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळते, पाणी प्यावेसे वाटते आणि उन्हात येणारी मळमळ कमी होते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी एवढेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि मीठ घेतले म्हणून कितीही पाणी प्यायला हरकत नाही, असे समजू नये. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली गेले होते, आणि शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले, त्यांचा धोका सर्वांत अधिक होता. धावून आल्यावर काटा आधीपेक्षा पुढे सरकला असेल, तर पाणी जास्त झाले, एवढे ओळखावे.

आता पुन्हा डबीकडे. वस्तू निरुपयोगी ठरली, याचा राग मला तितकासा नाही, कारण ती समजूत माझीच होती. राग आहे तो डबीच्या झाकणाचा. बाटलीसोबत ‘धावताना बाळगण्यासाठी’ म्हणून मिळणाऱ्या या डबीचे झाकण नुसते दाबून बसते. कुकरच्या झाकणाला असते तशी, करंगळीच्या नखाएवढी का होईना, रबरी रिंग तिला नाही. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, जे ओल लागताच मऊ पडते, आणि डबीची जागा घामाने निथळणाऱ्या कमरेवर. घाम येणाऱ्या माणसासाठीच बनवलेली वस्तू घामानेच नासावी, ही चूक तयार करणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते. मी डबीत तांदळाचे दाणे घालून पाहिले, जसे पावसाळ्यात मिठाच्या बाटलीत घालतो. पण तीन किलोमीटरनंतर तोंडात कॅप्सूलबरोबर कच्चा तांदूळ आला.

ग्राहक सेवेला तीन ई-मेल पाठवले आणि दोनदा फोन केला. “सर, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे, असे लेबलवर स्पष्ट लिहिलेले आहे,” असे उत्तर दोन्ही वेळा मिळाले. जुलैत ठाण्यामध्ये थंड आणि कोरडी जागा कोणती, असे मी विचारले, तेव्हा पलीकडील मुलगी क्षणभर थांबली आणि “सर, फ्रिज,” असे म्हणाली. फ्रिज कमरेला बांधून येऊर चढता येत नाही, हे मी तिला सांगितले नाही. तिचा त्यात काय दोष?

उरलेल्या कॅप्सूल फोडून पूड लिंबाच्या पाण्यात टाकली, तर तळाशी पांढरा साका राहिला आणि बाटली दोनदा घासावी लागली. पाच ताऱ्यांचे दोन केले आहेत. नुकसानभरपाई म्हणून कंपनीने १५० रुपयांचे कूपन पाठवले आहे, जे दोन बाटल्या एकदम घेतल्या तरच चालते आणि ज्याची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत आहे. ते मी काकांना देऊ केले; त्यांनी आधी डबीला रिंग बसवली का, ते विचार, असे सांगितले.