नाथसागरात कोणती शिडाची होडी?

भावाचे दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. पैठणला आलं की तो नाथसागराच्या काठावरून हलत नाही. त्याच्यासाठी दोन होड्या तोलून पाहिल्या.

2.4 एमआर एकट्याची. वजन साधारण 260 किलो, त्यातलं बरंचसं बुडाखालच्या शिशात, म्हणून सहजासहजी कलंडत नाही. पुढं तोंड करून बसायचं, सगळे दोर हाताशी. जागेवरून हलायचं कामच नाही. 2000 ते 2016 पॅरालिम्पिकच्या एकेरी शर्यती हिच्यावरच झाल्या. पण बुडाखालचा तो शिशाचा जड कणा पाण्यात मीटरभर खोल जातो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की गाळात रुतायची.

हान्सा 303 तीन मीटरची, जॉयस्टिकनं वळते, खालची फळी वर ओढता येते. वेगात मागं पडेल. तरी मी हान्साच घेईन. तिच्यात शेजारी दुसरी जागा आहे, पहिल्या दिवशी मला तिथं बसायचंय.