कोर्ट नाक्याजवळचे अपघात-दाव्यांचे वकील: पाचपैकी चार

नाव लिहीत नाही. वकिलांना जाहिरात चालत नाही, असं त्यांनीच मला दटावलंय. ऑफिस ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना असा उभा की हात प्लास्टरमध्ये असताना कठडा कशाने धरायचा? एक तारा तिथेच कापला.

माझं मानपाड्याला पोळी-भाजी केंद्र आहे. जुलै २०२२ मध्ये घोडबंदर रोडवर टेम्पोने स्कूटीला मागून ठोकलं, उजवं मनगट मोडलं. प्लेट बसली, हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळत नाही. सर्टिफिकेटवर अपंगत्व २० टक्के. आधी एका दुसऱ्या वकिलाकडे गेले होते. तो म्हणाला, "ताई, वीस म्हणजे वीस." आणि मिळतील त्यातले वीस टक्के त्याला! असा हिस्सा मागणं वकिलांच्या नियमात बसत नाही, हे मला नंतर कळलं.

या वकिलांनी फी आकड्यात सांगितली, टक्क्यात नाही. मग टेबलावरचा रूळ माझ्या हातात दिला. "लाटून दाखवा." दुसऱ्याच फेऱ्याला मनगट अडकलं. ते म्हणाले, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगून ठेवलंय की डॉक्टरांचे टक्के वेगळे आणि कमाई किती बुडाली ते वेगळं. त्या एका वाक्यावर माझा दावा उभा राहिला.

खरी अडचण पुढे होती. पोळीवालीची कमाई दाखवायची कशी? चक्कीच्या पावत्या, सिलिंडरची बिलं, यूपीआयचे स्टेटमेंट, दोन गिऱ्हाइकांची साक्ष, सगळं त्यांनी माझ्याकडून गोळा करून घेतलं. विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, "लाटायला बाई ठेवता येत नाही का?" मी म्हटलं, "येते ना, पगार तुम्ही देणार का?" आमच्या वकिलांनी डोळे वटारले. पण न्यायाधीशांनी मान वर करून विचारलं, "दिवसाला किती पोळ्या?" अडीचशे.

हिशेब असा लागला: महिना १५,०००, स्वतःचा धंदा आणि वय ४४ म्हणून त्यावर २५ टक्के वाढ, वर्षाचे २,२५,०००. कोष्टकात वयाप्रमाणे गुणक १४, म्हणजे वर्षाच्या कमाईला चौदाने गुणायचं. कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं, म्हणजे १२,६०,०००. दवाखान्याचा खर्च आणि व्याज वेगळं. डॉक्टरांचे २० धरून बसले असते तर बरोबर निम्मे.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला तिकडे अशाच एका गाडीच्या धडकेच्या दाव्यात ज्युरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांच्या गटात, बसावं लागलं. सहा जण, त्यातले पाच एका बाजूला आले की निकाल. मान दुखण्याची किंमत किती, याला कोष्टक नाही, चर्चा करून आकडा काढायचा. ठोकणाऱ्याचा विमा होता की नाही, हेही त्यांना सांगितलं नव्हतं. एक आजोबा म्हणे अडूनच बसले, "मान माझीही दुखते, मला कोणी दिले का पैसे?" भाचीला तो निकाल अजून खुपतो.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला, १९५९: नौदल अधिकाऱ्यावर बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप, आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. तो फौजदारी, पण माणसं भावनेत वाहतात ती तिथेही आणि इथेही. तरी खोटं कशाला बोलू, समोर सहा पोळीवाल्या बसल्या असत्या तर रूळ, पावत्या काही लागलं नसतं. पण सहा टेम्पोवाले बसले असते तर? मला आपलं कोष्टक बरं वाटलं. फक्त त्यात आकडे भरणारा माणूस शहाणा पाहिजे.

तक्रारी: फोन उचलत नाहीत, झेरॉक्सचे पैसे वेगळे, आणि "पुढची तारीख" हे दोन शब्द तीन वर्षं ऐकले. निम्मे पैसे मुदत ठेवीत अडकणार, हे आधी सांगायला हवं होतं.

जाणार असाल तर साडेचारनंतर जा, दिवसभर ते कोर्टात असतात. दावा लावायला कायद्यात सहा महिने लिहिलेत, तेव्हा प्लास्टर निघायची वाट बघू नका. आणि मेडिकलची बिलं आणल्या आणल्या झेरॉक्स करा. माझी चार बिलं पार कोरी पडली, शाई उडून.