पिलाटेस प्रॉप्सचा सेट: खुबे आखडलेल्यांनी काय घ्यावं

ब्लॉक, पट्टा, छोटा बॉल, लूप बँड आणि फोम रोलर असा सेट वापरतेय, आणि हा रिव्ह्यू फक्त ज्यांचे खुबे आखडलेत त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा पाय सहज कानापर्यंत जातो त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल 😄

ब्लॉक आणि पट्टा यातच पैसे वसूल. ब्लॉकचं आधी सांगते. पाय लांब करून बसायचे जे प्रकार आहेत, स्पाइन स्ट्रेच किंवा सॉ, त्यात आपली कंबर मागे गोल होते आणि मांडीच्या पुढच्या बाजूला गोळे येतात ना, त्याचं कारण म्हणजे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, बसायच्या हाडापासूनच सुरू होतात, ते आखडलेले असले की पेल्विसला (कंबरेखालच्या हाडांच्या कड्याला) मागे ओढतात, मग ताठ बसायला पुढचे स्नायू जिवाच्या आकांताने काम करत राहतात. ब्लॉकच्या पुढच्या कडेवर बसलं की पेल्विस सरळ होतो आणि व्यायाम जिथे व्हायला हवा तिथे, म्हणजे पाठीत होतो. गुडघे थोडे वाकवले तरी चालतात, कुणी मार्क कापत नाही.

दुसरा उपयोग अजून भारी. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलायचे (हाच ब्रिज), ब्लॉक आडवा ठेवून माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडाखाली सरकवायचा (कंबरेच्या पोकळीत नाही!!), एक गुडघा छातीशी धरायचा आणि दुसरा पाय हळूहळू लांब सोडायचा. सोआस हा स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला आतून जोडलेला असतो, त्यामुळे कंबरेची कमान झाली की ताण नीट बसतच नाही, आणि गुडघा छातीशी धरल्यामुळे नेमकी तीच पळवाट बंद होते. ब्लॉक टणक हवा, यातला ठीक आहे, बसल्यावर दबणारा अगदी मऊ असेल तर त्यापेक्षा घडी घातलेलं ब्लँकेट बरं.

पट्टा लेग सर्कल्ससाठी, म्हणजे पाठीवर झोपून एक पाय वर धरून गोल फिरवायचा त्यासाठी. पाय हवेत धरला की त्याचं सगळं वजन हिप फ्लेक्सर्सवर, म्हणजे खुब्याच्या पुढच्या स्नायूंवर येतं, ते घट्ट पकडून बसतात, खुब्यात कट् कट् आवाज येतो आणि वर्तुळाच्या नावाखाली सगळा पेल्विसच फिरतो. तळव्याला पट्टा अडकवून थोडं वजन हातांनी घेतलं, गुडघा जरासा वाकवला आणि वर्तुळ छोटं ठेवलं की पाय खुब्यात सुटा फिरतो. रिफॉर्मरवर (पिलाटेसचं स्प्रिंग आणि सरकत्या पाटाचं मशीन) पाय स्ट्रॅप्समध्ये असतात तेव्हा जे हलकं वाटतं साधारण तेच मॅटवर मिळतं. आवाज दुखल्याशिवाय येत असेल तर बहुतेक वेळा स्नायूची दोरी हाडावरून सरकत असते, दुखत असेल तर मात्र फिजिओला दाखवा. या सेटमधला पट्टा अजून लांब हवा होता, आखडलेल्या माणसाला धरायला लांबच लागतो, आखूड असला की खांदे वर जातात आणि मान धरते.

बॉल 9 इंची आहे, पूर्ण फुगवू नका, अर्धाच. ब्रिजमध्ये गुडघ्यांमध्ये धरून हलका दाबला की आतल्या मांड्या कामाला लागतात आणि गुडघे बाहेर पळत नाहीत. बूच मात्र सारखं निघतं, वैताग आहे.

बँड गुंडाळला जातो, कापडी घ्या. क्लॅमशेलला (कुशीवर झोपून, पावलं जुळवून वरचा गुडघा उघडायचा) तो हवाच, कारण बऱ्याचदा आखडल्यासारखं जे वाटतं त्यामागे नितंबाच्या स्नायूंची ताकद कमी पडणं असतं, नुसतं ताणून ते जात नाही.

रोलर 36 इंची, कोपरा अडवून उभा असतो. पाठीखाली उभा घेऊन बॅलन्सचे व्यायाम होतात, पण खुब्यासाठी म्हणाल तर तात्पुरतं मोकळं वाटतं, तेवढंच. आणि जांघेत रोलर दाबू नका, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात.

अजून एक, गुडघा छातीकडे आणताना जांघेत पुढे टोचल्यासारखं होत असेल तर तो ताण नाहीये, कुठलाही प्रॉप लावून तिथे जोर करू नका. काही जणांच्या खुब्याच्या खोबणीचा आकारच तसा असतो, गुडघा थोडा बाहेरच्या दिशेला नेऊन बघा, तरीही टोचलं तर तेवढ्यावरच थांबा.

परत घ्यायची वेळ आली तर सेट नाही घेणार, दोन ब्लॉक आणि एक लांब सुती पट्टा सुटा घेईन. साडेतीन स्टार, बूच नीट असतं तर चार दिले असते.